आमच्या घराचा पहिला फोटो

मी पुण्यात ज्या कंपनीत काम करते, ती लोकांची रिकामी घरं, खोल्या प्रवाशांना दोन-चार दिवसांसाठी भाड्यानं मिळवून देते. सगळा व्यवहार ॲपवर. आमच्या टीमला ग्रोथ टीम म्हणतात. कंपनी वाढवायची, एवढंच आमचं काम. ऐकायला सोपं वाटतं, पण घरं नसतील तर प्रवासी ॲप उघडत नाहीत आणि प्रवासी आले नाहीत तर घरवाले कंटाळून घर काढून घेतात. दोन्हीकडची माणसं एकाच वेळी जमवावी लागतात. गोवा, महाबळेश्वर, लोणावळा इथं आमच्याहून मोठ्या कंपन्या आधीच पाय रोवून बसलेल्या. तिथं आम्हाला कोण विचारणार?

म्हणून एका मीटिंगमध्ये मी म्हणाले, "जिथं लोक येतात, बघतात आणि मुक्कामाची धड सोय नाही म्हणून संध्याकाळी परत फिरतात, अशी गावं धरू या."

"जसं की?" आमच्या प्रमुख बाईंनी विचारलं.

"लोणार."

लोणार माझं गाव. उल्का पडून झालेलं ते विवर आणि त्यातलं खारं पाणी बघायला हिवाळ्यात आणि सुट्ट्यांत गाड्याच्या गाड्या येतात. माणसं काठावर उभी राहून फोटो काढतात, कुणी खाली उतरतं, तिथल्या झऱ्याच्या धारेवर पाय धुतात, आणि दुपार कलली की जालन्याच्या नाहीतर मेहकरच्या रस्त्याला लागतात. हे सगळं मी लहानपणापासून बघत आलेले. बाईंना माझं म्हणणं पटलं. लोणारवर आधी प्रयोग करायचा, जमलं तर तशीच आणखी गावं घ्यायची, असं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं.

घरं शोधायला मी गावी गेले. पहिलं घर आमचंच नोंदवलं. वडील एसटीच्या मेहकर आगारात मेकॅनिक होते. आई जानेफळच्या बाजूला सरकारी नर्स. दोघं निवृत्त झाल्यावर लोणारात जुन्या घराच्या जागी नवं घर बांधलं, वरचा मजला भावासाठी काढला. भाऊ हैदराबादला गेला आणि तिकडचाच झाला. वरची खोली तशीच कुलूपबंद. आईनं ती चार दिवसांत उजळवली. नवीन चादरी आणल्या, गिझर बसवून घेतला, खिडकीला पडदे शिवले. नर्स म्हणून तिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी जाऊन काम केलं होतं. आता लोक तिच्या घरी येणार, याचं तिला फार अप्रूप वाटत होतं.

"नाश्त्याले काय करू? पोहे तं सगळेच देतात. मी धपाटे करन," ती म्हणाली.

ॲपवर टाकायला तिनं स्वतः फोटो काढले. पहिला फोटो खालच्या हॉलचा. सोफ्यावर इस्त्री केलेलं कव्हर, टीपॉयवर झेंडूची फुलं, आणि सोफ्याच्या वर भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर, शेजारी कोनाड्यात बुद्धाची मूर्ती, तिच्यामागे गोल फिरणारे दिवे. घरातली सगळ्यात नीटनेटकी भिंत तीच. खाली घरमालकाचं नाव, वडिलांचं, आडनावासकट. त्या वेळी सगळ्याच घरांचं तसं असायचं.

गावात आणखी चार-पाच घरं तयार झाली. दोन घरं बसस्टँडच्या रस्त्याला, एक आमच्याच गल्लीत. सुट्ट्या लागल्या तशी बुकिंगं सुरू झाली. गल्लीतल्या त्या घराला पाण्याची बोंब होती, खोलीला खिडकीही एकच, तरी ते भरायला लागलं. आमचं घर लोक उघडून बघायचे आणि पुढे जायचे. कुणी बुकिंग केलंच तर एक-दोन दिवसांत रद्द. कारण ठरलेलं: बेत बदलला.

आई फोनवर विचारायची, "भाडं कमी करू काय? का धपाट्याचं लिवलं ते चुकलं?"

मी भाडं कमी केलं. मजकूर बदलला. खिडकीचा फोटो वर घेतला, पण पहिला हॉलचाच राहू दिला. ॲपवर पहिला फोटोच माणसाला थांबवतो, असं आम्हीच घरवाल्यांना शिकवत असू, आणि आमच्या हॉलइतका छान हॉल त्या चार-पाच घरांत कुणाचा नव्हता.

एका सोमवारी लोणारचे आकडे पडद्यावर लावून आम्ही बसलो होतो. माझ्या शेजारी बसणारा एक सहकारी होता, पुण्याचाच, स्वभावानं भला. तो बराच वेळ आमच्या घराच्या पानाकडे बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "पहिला फोटो बदलून बघू या का? नुसतं चाचणी म्हणून."

"का?" मी विचारलं.

"म्हणजे... खोलीचा टाकू. बेडचा. लोकांना खोली बघायची असते ना."

बाकीचे सगळे पडद्याकडे बघत होते. माझ्याकडे कुणीच बघेना. आम्ही बौद्ध आहोत हे त्यांना माझ्या आडनावावरून कळलेलंच होतं. भिंतीवरून प्रवाशांनाही कळत होतं. एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात का आली नाही, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. आली होती बहुतेक. घर माझ्या आईचं होतं म्हणून ती गोष्ट मी जवळ येऊ देत नव्हते.

चाचणी झाली. बेडचा फोटो पुढे आला, आडनाव झाकलं. आठवडा उलटायच्या आत खोली भरली.

तेव्हा मी एका गोष्टीवर अडून बसले. म्हटलं, हे एकट्या आमच्या घराला करायचं नाही. करायचं तर सगळ्यांना. कुणाच्याच घरातल्या देवाचा, तसबिरीचा, माणसांचा फोटो नको. सगळ्यांची फक्त पहिली नावं. फोटो कंपनीचा माणूस येऊन काढेल, फक्त खोलीचे. मग बघणारा खोली बघेल, जात बघणार नाही. प्रमुख बाईंना हे एकदम आवडलं. न्यायाचंही होतं आणि वाढीचंही. नियम मीच लिहून काढला. त्या दिवशी मी ऑफिसातून चालत घरी गेले, इतकं बरं वाटत होतं.

फोटोग्राफर लोणारला जाऊन आल्यावर वडिलांचा फोन आला.

"तुह्या कंपनीचा पोरगा येऊन गेला. तसबीर उतरवता का म्हने, हॉलचा बी एक काढून ठेवतो."

"मग?"

"मी म्हनलं, भितीवरची तसबीर उतरत नाई. तुले वरची खोली पाह्यजे, वर जाऊन काढ. काढले त्यानं. चांगला होता पोरगा, चहा घेतला." मग ते म्हणाले, "नियम सगळ्याइले हाय ना?"

"हो बाबा, सगळ्यांना."

"मंग ठीक हाय."

त्या हिवाळ्यात आमची खोली शनिवार-रविवारी रिकामी राहिली नाही. आई फोनवर पाहुण्यांच्या गोष्टी सांगायची. अकोल्याची कॉलेजची पोरं, ज्यांनी धपाट्यांचा डबा सोबत बांधून नेला. दगडांचा अभ्यास करणारी एक मुलगी, जिनं तळ्याच्या काठचे खडे दाखवून आईला तास तास शिकवलं. अमरावतीचं एक म्हातारं जोडपं वडिलांशी रेडिओवरच्या जुन्या नाटकांबद्दल बोलत बसलं होतं. बुकिंगच्या आलेखात लोणारची रेष वर गेली. आमच्या बाईंनी ती गुंतवणूकदारांसमोर ठेवली आणि पुढची गावं निवडायला सांगितली. समृद्धी महामार्ग झाल्यापासून मेहकरच्या बाजूनं गाड्या वाढल्या होत्या, म्हणून त्या यादीत मी मेहकर घातलं.

जानेवारीत मी तीन-चार दिवसांसाठी घरी गेले. शनिवारी दुपारी पाहुणे येणार होते. आईची सकाळपासून धावपळ. जेवण झाल्यावर वडिलांनी पायात चप्पल अडकवली.

"कुठं निघाले?" मी विचारलं.

"जरा स्टँडवर जाऊन येतो."

"आत्ता? पाहुणे यायचे ना?"

"म्हनूनच," ते म्हणाले आणि गेले. मी आईकडे बघितलं. ती ग्लास पुसत होती.

गाडी आली. नवरा-बायको, एक छोटा मुलगा आणि नवऱ्याची आई. बोलण्यावरून शहरातली, शिकलेली माणसं. आईनं हसून दार उघडलं, "या, या, सापडलं ना घर?" म्हणत त्यांना हॉलमध्ये घेतलं आणि पाण्याचा ट्रे आणला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

त्या माणसाची नजर भिंतीवर गेली. त्यानं खिशातून फोन काढला आणि कुणाचा तरी आल्यासारखा कानाला लावून बाहेर गेला. बायको सोफ्याच्या कडेला टेकली. म्हातारी बसलीच नाही. मुलानं ट्रेमधला ग्लास उचलून तोंडाला लावला, तसा आजीनं तो त्याच्या हातातून काढून खिडकीत ठेवला.

"त्याला बाहेरचं पाणी चालत नाही. घसा धरतो," ती आईला म्हणाली. आवाज अगदी गोड.

माणूस परत आला. "सॉरी हं काकू, आम्हाला वाटलं होतं खोलीतून तळं दिसतं."

"तळं तं गच्चीवरून बी नाई दिसत. तसं लिवलंच हाय आम्ही."

"हो का? आणि काय आहे, आमच्या आईचं जरा सोवळ्याओवळ्याचं असतं. तिला उगाच त्रास नको."

मी पुढे झाले. काय बोलणार होते मलाही माहीत नाही. आईनं माझ्याकडे न बघताच हात मागे करून मला थांबवलं.

"काई हरकत नाई," ती म्हणाली. "स्टँडच्या रोडनं जा, शाळेपाशी डाव्या हाताले दुसरं घर हाय. खोली खाली असन तिथं."

त्यांनी डिकी उघडलीच नव्हती. गाडी वळली आणि गेली. आईनं खिडकीतला ग्लास उचलला, पाणी बाहेरच्या कुंडीत ओतलं आणि सगळे ग्लास घासायला घेतले, न वापरलेलेसुद्धा.

"त्यांना रस्ता काऊन सांगितला तू?" माझा आवाज चढला होता.

"लहान लेकरू होतं संग. कुठं फिरतीन उन्हातान्हात?"

"आई, हे याच्या आधी बी झालं काय?"

"होते."

"कधीपासून?"

तिनं नळ बंद केला. "तुमी फोटो बदलले तवापासून. सगळेच नाई जात. राह्यतात तेच जास्त हायेत. पन जातात काई काई. कोनी तळ्याचं सांगते, कोनी म्हनते फोन आला. एक बाई तं वर जाऊन खोली पाहून आली, खाली आल्यावर भित दिसली तिले."

"मले काऊन नाई सांगितलं?"

"तू म्हने बुकिंग वाढून राह्यलं. खुश होती. मंग कायले सांगू?"

मी जिन्यावर जाऊन बसले. हॉलचा फोटो पुढे होता तेव्हा ज्यांना नको असायचं ते आपापल्या घरी बसून बोटानं पुढे सरकायचे. आईला ते दिसत नव्हते. खोली रिकामी का, एवढंच तिला कोडं. आता तेच लोक दारापर्यंत येत होते, तिच्या हातातला ट्रे बघत होते आणि तिच्या तोंडावर कारणं सांगून जात होते. नियम चालला होता. तो चालला म्हणूनच हे होत होतं.

संध्याकाळी वडील आले. वरच्या खोलीचा दिवा बंद बघून त्यांना काय ते समजलं. मीच म्हटलं, "बाबा, तुम्ही पाहुणे यायच्या वेळी रोज स्टँडवर जाता?"

"लोकाइचे चेहरे बदलताना पाह्यले का मले दिवसभर कामच सुचत नाई," ते म्हणाले. "आगारात होतो तं बरं होतं. इंजिन कोनं खोललं हे पाहून कोनी गाडीत बसत नोतं. तुही आई पक्की हाय. मी नाई."

ज्या हॉलमध्ये बसून ते पेपर वाचायचे, तो त्यांनी शनिवार-रविवारपुरता सोडून दिला होता. हे मला आईनंही सांगितलं नव्हतं.

पुण्याला परतल्यावर मी तक्रारींची माहिती मागवली. ती दुसरी टीम सांभाळायची, आमच्या रेषेत ती दिसत नसे. बुकिंग झालं की रेष वर जायची, पुढे दारातून कुणी परत गेलं तरी ती तिथेच राहायची. दारातून गेलेल्या जवळजवळ प्रत्येकानं ॲपवर एकच कारण निवडलं होतं: "घर फोटोत दाखवल्याप्रमाणे नाही." कंपनीनं त्यांना सगळे पैसे परत दिले होते आणि आमच्या घराच्या रेटिंगचे गुण कापले होते. आईला त्याबद्दल सूचनाही गेल्या होत्या. फोटो आणि घर यांत फरक असू नये, अशी समज देणाऱ्या. तिनं त्या वाचल्या असणार आणि खोली आणखी स्वच्छ केली असणार.

मी हे सगळं बाईंसमोर मांडलं. त्या दुष्ट नाहीत, हे मला सांगायला हवं. त्यांनी दार लावून घेतलं, पूर्ण ऐकलं, त्यांचे डोळेही भरले.

"तुझ्या आईचे कापलेले गुण मी आजच परत देते," त्या म्हणाल्या. "आणखी काय करू, सांग."

"दारातून असं परत जाणाऱ्याला पैसे परत देऊ नका. आणि गुण त्याचे कापा."

"पण तो तळ्याचं कारण सांगतो. सोवळ्याचं सांगतो. त्याच्या मनात काय होतं हे मी कसं सिद्ध करू? उद्या हे लोक ॲपच सोडून जातील."

"जाऊ दे ना."

त्या हळूच म्हणाल्या, "तू ग्रोथमध्ये आहेस. तूच सांग, ते गेले तर पुढची गावं कशी उघडायची?"

हॉलचा फोटो पुन्हा पुढे आणा म्हणावं, तर खोली रिकामी. नको म्हणावं, तर दारात ते. शेवटी ॲपवर तळाशी "आम्ही सर्वांचं स्वागत करतो" अशी ओळ घालायचं ठरलं. पुढचा विषय मेहकरचा होता.

घरी आई-वडिलांची वेगळीच धुसफूस चालली होती. वडिलांना खोली बंद करायची होती. आई तयार नव्हती. "चांगल्या मानसाइले काऊन नाई म्हनू? चार जन जातात म्हून त्या पोराइले दार लावू काय?" असं ती मला फोनवर म्हणाली. मी तिचीच बाजू घेतली.

फेब्रुवारीत एक दिवस तिचा दुपारचाच फोन आला. एरवी ती त्या वेळी झोपलेली असते.

"तो हॉलचा फोटो पयला टाकता येते काय?" तिनं विचारलं. "माहा जुना."

"काय झालं, आई?"

"काई नाई झालं. कालचे बी गेले." मग ती सांगू लागली. "मी नोकरीत होती तवा काई घराइत मले ओसरीवर बसवत. बाळंतीन आत कन्हत राहे आन् मी बाहेर. मंग लईच अडलं का आत बलवत. मी जात होती. तवा ते माहं कामच होतं, पगार घेत होती. हे तं माहं घर हाय ना? माह्या घरात मी काऊन वाट पाहू, का हे बसतीन का जातीन?"

"फोटो टाकला तर बुकिंग कमी होईल."

"होऊ दे. येतीन ते पाहून येतीन."

मी माझ्या लॅपटॉपवरून हॉलचा फोटो पहिला लावला, वडिलांचं पूर्ण नाव घातलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही निघून गेलं होतं. कुणी माणसानं काढलं नव्हतं. देवाच्या, तसबिरीच्या खोल्यांचे फोटो आणि आडनावं आपोआप ओळखून काढून टाकायची सोय करून घेतली होती, माझ्याच नियमाप्रमाणे. मी परत लावला, परत गेला. अपवाद करा म्हणून बाईंना लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की एका घराला सूट दिली तर सगळी मागतील, आणि तूच तर म्हणाली होतीस, नियम सगळ्यांना एक.

आईला हे सांगायला मला संध्याकाळपर्यंत जमलं नाही. सांगितल्यावर ती म्हणाली, "मंग काढून टाक घर. राह्यलं."

आमचं घर ॲपवरून गेलं. मी ग्रोथ टीम सोडून त्याच कंपनीत दुसऱ्या विभागात बदली मागून घेतली. नोकरी सोडावी असं पुष्कळदा मनात आलं. सोडली नाही. वरच्या खोलीत आता मोताळ्याकडची एक शिक्षिका वर्षाच्या भाड्यानं राहते. तिची बदली लोणारला झाली आहे. आईचं आणि तिचं पटतं, पण प्रवाशांच्या वेळी आई जशी बोलायची तशी आता फोनवर बोलत नाही. मी विचारते, धपाटे केले का? ती म्हणते, दोघाइसाठी कोन करते. वडील हॉलमध्ये बसतात. लोणारची बाकी घरं चालू आहेत, मेहकरही सुरू झालं.

गेल्या महिन्यात आईसोबत नोकरी केलेल्या एका मावशींचा मला फोन आला. त्या मेहकरला असतात, आमच्याच समाजाच्या. त्यांच्या मुलानं घर नोंदवायचं मनावर घेतलंय.

"बाई, तू त्याच कंपनीत हाय म्हने. आपलं घर टाकू काय त्याच्यावर? फोटो काढाले मानूस येनार हाय."

मी त्यांना सगळं सांगितलं. हॉलचा फोटो, नियम, ट्रे, खिडकीतला ग्लास, परत दिलेले पैसे. चांगले पाहुणेही सांगितले, ती खडे दाखवणारी मुलगी, अमरावतीचं जोडपं.

"मंग तू काय म्हनते?" शेवटी त्यांनी विचारलं. "टाकू का नोको?"

मी म्हटलं, "मावशी, मला नाही सांगता येत."

"अवो, मंग कोनाले इचारू?" त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. खरंच विचारत होत्या.